वाडीच्या खोलीतला आवाज

कार्ड आलं तेव्हा दुपारच्या चहाचे कप अजून टेबलावरच होते. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की आपण आधी मनातल्या मनात नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांची उजळणी करतो. यांनीही ती केली असावी, कारण कार्ड उलटसुलट करून ते म्हणाले, "काटोलचं आहे. कुणी कुसुम गेली म्हणे, पुतणीनं कळवलंय. ही कुसुम कोण?" मी कप गोळा करत होते. हात थांबला नाही की आवाज बदलला नाही. "ब्लाउज शिवायची पूर्वी," असं म्हणून मी कप घेऊन आत गेले आणि नळ मोठा सोडून बराच वेळ धूत बसले... तीनच तर कप होते.

या गोष्टीला दीड महिना झाला. लोक या पुरवणीत आपल्या गुरूंविषयी लिहितात. गुरू कसे शिस्तीचे होते, कसे मायेचे होते, आणि शिष्यानं त्यांचं नाव कसं राखलं, हे मी आवडीनं वाचते. माझीही एक गुरू होती, पण मी तिचं नाव कधी घेतलं नाही. कुसुमबाई मला नाच शिकवायची. कुठला, तेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा अर्धं सांगून अर्धं गिळल्यासारखं होईल. अरबी देशांतला, कमरेचा आणि पोटाचा नाच, ज्याला बेली डान्स म्हणतात तो. आपल्याकडे तो सिनेमात तस्करांच्या अड्ड्यावर दिसतो, त्यामुळे नाव काढलं तरी घरंदाज माणसं खाली बघतात. मीही खाली बघणाऱ्यांतलीच. आणि तरी मी तो जवळजवळ दोन वर्षं शिकले.

नाच मला नवा नव्हता. माझं लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं. शेजारी डोरीन आंटी राहायची, इंजिन ड्रायव्हरची बायको, अँग्लो-इंडियन. तिला मुलगी नव्हती, म्हणून तिनं मला हाताशी धरलं. ग्रामोफोनवर तबकडी लावायची, स्वतः पुरुष व्हायची आणि मला बाई करून वॉल्ट्झ शिकवायची. जोडीच्या नाचात बाईनं बहुतेक मागे जायचं असतं, तेही मागे न बघता. पाठीवरचा हात सांगेल तेव्हा वळायचं, पाऊल चुकलं तर हळूच 'सॉरी' म्हणायचं. मी हुशार निघाले. लग्नानंतर यांच्या कंपनीच्या लोकांचा सिव्हिल लाइन्सच्या क्लबात राबता होता, तिथं माझा हा गुण फारच उपयोगी पडला. "आमची मिसेस वॉल्ट्झ करते," असं हे कौतुकानं सांगायचे. मोठ्या साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून मी फॉक्सट्रॉट करायची, हे सासूबाईंच्या कानावर होतं. पण नोकरीत करावं लागतं, असं म्हणून त्यांनी ते सोवळ्यात बसवून टाकलं होतं. परक्या पुरुषाचा हात कमरेवर चालत होता. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, मलाही नाही.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. क्लबातल्या एकीनं सांगितलं, की शहराबाहेर वाडीला एक बाई आहे, ब्लाउज असा बसवते की टाचणी लावायला नको. अमरावती रोडनं सिटी बसनं गेले. ट्रकांच्या रांगा, गोदामं, डिझेलचा वास आणि त्यांच्यामागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ. त्यातल्या शेवटच्या खोलीत कुसुमबाई शिलाई मशीन घेऊन बसलेली. चाळिशीची, सावळी, रुंद हाडाची, काटोलकडच्या संत्र्याच्या बागाईतदाराची मुलगी. कमरेला टेप लावून ती थांबली आणि मला म्हणाली, "नाचता काय, बाई? पाय हुशार दिसून राहिले तुमचे. पर कंबर निजून आहे."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी विचारलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं? तिनं मशीनखालच्या खोक्यातून एक पट्टा काढला. जाड काळ्या कापडावर भोकाचे पैसे ओळीनं शिवलेले. ते युद्धाच्या काळातले तांब्याचे, मधे भोक असलेले पैसे आमच्या पिढीला आठवत असतील. तिच्या आईनं ते गाठोड्यात जपून ठेवले होते, नवे पैसे आल्यावर ते बाद झाले, आणि मुलीनं त्यांचा असा उपयोग केला. तिनं पट्टा कमरेला बांधला आणि नुसती उभी राहिली. खांदे हलले नाहीत, पावलं हलली नाहीत, आणि खोलीभर पैशांचा आवाज झाला... मी हातातलं कापड खाली ठेवलं.

तिची हकीकत मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळली. नवऱ्याला सोडून ती मुंबईला गेली, तिथं हॉटेलात नाचणाऱ्या बायकांचे पोशाख शिवायची. त्यांतल्या एका परदेशी बाईनं तिला हा नाच शिकवला आणि काही वर्षं ती स्वतःही नाचली. वडील आजारी पडले म्हणून परत आली, पण वडील गेल्यावर भावानं घराचं दार लावून घेतलं. तेव्हापासून वाडी. यातलं काही सांगताना तिचा आवाज भरून आला नाही. दोरा ओवता ओवता सांगायची.

पहिल्या दिवशीची माझी फजिती तिनं पुढे कितीदा तरी करून दाखवली. तिनं संत्र्याची रिकामी पेटी उलटी करून तिच्यावर हातानं ठेका धरला, आणि मी उभी राहिले ती थेट सवयीनं. उजवा हात हवेत, डावा हात नसलेल्या खांद्यावर. कुणीतरी मला हलवेल म्हणून वाट बघत. मग ठेका चुकला की काय वाटून एक पाऊल मागे गेले, पाठ मशीनवर आदळली आणि तोंडातून निघालं, "सॉरी."

कुसुमबाईनं पेटी वाजवणं थांबवलं. "कोनाले सॉरी म्हनून राहिली वं?" त्या क्षणापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. "आनि वाट कोनाची पाहून राहिली? इथं कोनी येत नाही तुले धराले."

मी हसले खरी, पण ते वाक्य मला लागलं. मी तिशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई, आणि माझ्या अंगाला दुसऱ्याच्या हाताशिवाय हलताच येत नव्हतं. मागे जाण्याची सवय मोडायला दोन महिने लागले. पोट दाखवायला तर त्याहून जास्त. निऱ्या बेंबीखाली घ्यायला सांगितलं की मी पदर ओढून घ्यायची. पोट म्हणजे झाकायचीच वस्तू, असं मनात पक्कं बसलेलं. ती जबरदस्ती करायची नाही. म्हणायची, आमच्या गावच्या बाया डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन येतात, मान हलत नाही पण कंबर चालते, तसं कर. मी आयुष्यात कधी हंडा वाहिला नव्हता. शेवटी तिनं खरंच पाण्यानं भरलेला हंडा माझ्या डोक्यावर दिला आणि पहिले चार दिवस मी नखशिखान्त भिजून निघाले. घरी सांगितलं, रस्त्यावर पाणी मारणाऱ्या गाडीच्या फवाऱ्यात सापडले. असलं खोटं कुणाला पटलं असेल, देव जाणे.

खोटं तर आधीपासूनच होतं. घरी मी शिवण शिकायला जाते असं सांगितलं होतं, आणि मला साधं काजं करता येत नव्हतं. मग कुसुमबाईनंच ती बाजू सांभाळली. दर महिन्याला ती माझ्या नावानं एक ब्लाउज शिवून द्यायची, घरी दाखवायला. मुद्दाम एखादी टीप वाकडी घालायची, शिकाऊ हात वाटावा म्हणून. हळूहळू तिनं टिपा सरळ केल्या. सासूबाई खूश झाल्या, त्यांनी त्यांचं कापड दिलं, मग नणंदेनं दिलं. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या अंगावर तिचं शिवण होतं आणि त्याचं कौतुक मला मिळत होतं. मी ते घेत होते.

एका दुपारी असं झालं, की मी पट्टा बांधून नाचत होते आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की पेटी वाजतच नाहीये. तिनं ठेका कधीच थांबवला होता. ती दाराला टेकून नुसती बघत होती. खोलीत फक्त पैशांचा आवाज होता आणि तो माझ्यापासून येत होता. "आता मी कायले पाह्यजे तुले?" एवढंच ती म्हणाली. इतका आनंद मला क्लबातल्या कुठल्याही टाळ्यांनी दिला नव्हता. खरं सांगते, लग्नानंही दिला नव्हता.

आणि मग तो रविवार. त्या खोल्यांचे मालक ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले, आमच्या यांच्या ओळखीचे. ते घरी आले, पाणी प्यायले, थोडं अवघडून बसले. शेजारच्या खोल्यांतून तक्रार आली होती, की ती शिवणारी बाई दुपारी बायका नाचवते. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर विचारायला आला होता. "वहिनी, तुमचं जाणं-येणं आहे तिथं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल, शिवणकामच चालते, तर मी कोणाचं ऐकत नाही. राहू देतो तिला."

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं होतं. हे समोर बसले होते, सासूबाई दारात गहू निवडत होत्या. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. इतकं खोटं बोलले होते, त्यात आणखी एक, आणि या वेळी तरी दुसऱ्याच्या भल्यासाठी. पण मला वाटलं, 'हो' म्हटलं आणि उद्या काही निघालं तर मीही त्यात सापडेन. मी म्हटलं, "मी आपली शिवण शिकते नि वेळ झाली की परत येते. मी नसताना काय चालतं, मला काय ठाऊक." इथं थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला माझं अंग पुरतं झाडून घ्यायचं होतं. मी पुढे म्हटलं, "परत निघाले की मागून आवाज मात्र येतो खरा. घुंगरांसारखा."

तो आवाज माझा होता. दुपारी त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नाचत नव्हतं... सासूबाई गव्हातला खडा काढत म्हणाल्या, "बघा, कसल्या कसल्या बायका असतात. बरं झालं हिनं सांगितलं." त्यांच्या अंगात तेव्हा कुसुमबाईनंच शिवलेलं पोलकं होतं.

पंधरा दिवस मी तिकडे फिरकले नाही. मग धीर करून गेले तर दाराला कुलूप. मालकाच्या बायकोनं एक पुडकं हातात दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं. म्हणाली, "तुमचं ब्लाउज ठेवून काटोलले गेली. तुम्हीच सांगितलं हे मी बोलली तिले. मग तिनं हे पुडकं बांधलं." पुडकं हातात घेताच वजनावरून मला कळलं, की आत नुसता ब्लाउज नाही. बसमधे मी ते पोटाशी गच्च धरून बसले, वाजू नये म्हणून. घरी आल्यावर न सोडताच ट्रंकेच्या तळाशी, शालूखाली ठेवून दिलं.

काटोल काही सातासमुद्रापार नाही. बसनं दोन तासांत जाऊन पाय धरता आले असते. मी गेले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एकदाच ती दिसली, एस. टी. स्टँडवर, काटोलच्या गाडीजवळ. केस पांढरे झालेले, हातात कापडाची पिशवी. माझ्याबरोबर हे होते. आमची नजरानजर झाली आणि मी घाबरले, ही आता हाक मारणार. तिनं माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवून गाडीची पाटी वाचू लागली. पुढे होऊन मी बोलले असते तर... पण मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला त्या रविवारच्या बोलण्यापेक्षाही जास्त वाटते. तेव्हा निदान भीतीचं निमित्त तरी होतं.

कार्डाच्या तळाशी पुतणीनं लिहिलं होतं, की आत्यानं ज्यांना कळवायला सांगितलं त्यांत तुमचं नाव पहिलं होतं. मला सांगताना यांनी ते वाक्य वाचलं नव्हतं, किंवा वाचूनही त्यांच्या लक्षात आलं नसेल. मी ते रात्री नाही, दुसऱ्या दिवशी वाचलं. मग काही दिवस नुसती घरात इकडून तिकडे फिरत होते. सासूबाई आता नाहीत, मुलं आपापल्या ठिकाणी आहेत. ज्यांच्यासाठी म्हणून लपवलं, त्यांतलं जवळजवळ कुणीच उरलं नाही.

गेल्या मंगळवारी ट्रंक काढली. पुडक्याचा दोरा कुजला होता, ओढताच तुटला. वर अबोली रंगाचा ब्लाउज, एकही टीप वाकडी नसलेला. त्याच्यात गुंडाळलेला तो पट्टा. पैसे काळे पडले होते. मी केलेलं तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तिनं तिच्या आईचे पैसे मला दिले. रागावून दिले असते तर मला सोसलं असतं. ब्लाउज आता अंगात शिरत नाही. पट्टा मात्र बसला, शेवटच्या हुकावर. पडवीत उभी राहिले. गुडघे पूर्वीचे नाहीत, आणि इतक्या वर्षांनी उजवा हात पुन्हा आपला हवेत गेला, कुणाची तरी वाट बघत. तो मी खाली घेतला.

पुढच्या खोलीतून यांनी विचारलं, "कसला आवाज येतोय?"

"माझा आहे," मी म्हटलं. "मी नाचतेय."

वर्तमानपत्र खाली ठेवल्याचं ऐकू आलं, मग खुर्ची सरकल्याचं. हे दारात येऊन उभे राहिले. मी थांबले नाही.