सोळा नावांची यादी

बाबांनी मला कनेरगाव नाक्यावर पुण्याच्या गाडीत बसवलं तेव्हा ते रडले नाहीत. रागावल्यासारखे उभे होते. गावोगावचे हातपंप दुरुस्त करणारा माणूस, हात कायम ग्रीसचे. म्हणून डोक्यावर हात ठेवणंही त्यांनी टाळलं. माझा मोठा भाऊ खिडकीच्या जागेसाठी कंडक्टरशी भांडत होता. गाडी हलायच्या आधी बाबा खिडकीशी आले अन् म्हणाले, "कुणाला बोट दाखवाया जागा ठेवू नको. आपल्याकडं बोट लवकर उठतं." काहून लवकर उठतं, ते आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मी पुण्यातल्या एका कॉलेजात मुलींच्या बेसबॉल टीमची कोच आहे. गावाकडच्यांनो, हे क्रिकेट नव्हे, हे सांगून सांगून माझी सतरा वर्षं गेली. काकू अजून विचारते, तुझा खेळ टीव्हीवर काहून दिसत न्हाई. अन् जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना वेगळं काय सांगू? ग्राउंडवर 'कमॉन, लो राहा, बॉलच्या मागे ये' अन् फोनवर 'काय करून राहिली वं माय'. एका तोंडात दोन माणसं राहतात. नोकरी कराराची. दर जूनला नवी ऑर्डर आली तर आपण आहोत. दुधाने तोंड न पोळताच मी सतरा वर्षं ताक फुंकून पीत आले.

यंदा भावाची मुलगी प्रज्ञा माझ्या कॉलेजात आली. माझ्याच दोन खोल्यांत राहायची. ती कॅचर. म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून बॉल झेलायचा अन् बेस चोरायला, म्हणजे बॅटरने बॉल न मारताच पुढचा टप्पा गाठायला, कुणी पळालं की बसल्या जागेवरून उठून दुसऱ्या बेसवर फेकायचा. हात असा की मी तिला काही शिकवलं म्हणायचीसुद्धा लाज वाटावी. भावाची अट साधी होती. एक वर्ष देतो, टीममध्ये नाव आलं तर शिकू देतो, नाही तर सोयरीक पाहतो.

टीमची निवड वर्षातून एकदाच. त्या दिवशी कॅचरची एकच जागा उरली होती अन् दावेदार दोन, प्रज्ञा अन् गौरी. दोघींनी दहा-दहा थ्रो केले. मी स्टॉपवॉच लावून वहीत वेळा लिहीत होते अन् मागून पोरींची कुजबुज ऐकत होते, की कशाला हा तमाशा, मॅडमची भाचीच येणार. त्याच दुपारी मी यादी लावली. सोळा नावं. त्यात प्रज्ञा नव्हती.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पोरी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागल्या, मॅडम म्हणजे एकदम सरळ. प्रज्ञाने यादी वाचली, घरी आली अन् कपड्यांच्या घड्या घालत बसली. तिसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला. तिची बॅग उचलून दारात थांबला अन् म्हणाला, "तू म्हणली असती तं मी अजून एक वरीस थांबलो असतो. तुलाच भरोसा न्हाई, तं मी काय करू?"

पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरायला बसले अन् ती वही उघडली. प्रज्ञाचे दहाच्या दहा थ्रो वेळेत. गौरीचे चार उशिरा. अक्षर माझंच. मी वेळा लिहिल्या होत्या, पण यादी करताना त्या पाहिल्याच नव्हत्या. मी फक्त बोटं पाहिली होती. स्वतःचं नाक वाचवायला लेकराचा गळा कापला मी.

अर्ज शनिवारी जाणार होता. भाऊ फोन उचलेना. शेवटी वहिनीने उचलला अन् हळूच सांगितलं की उद्या दहाला पाव्हणे येऊन राहिले, पोरीला पाहायला. मी आधी गौरीला समोर बसवून वही दाखवली. ती रडली. तिची आई तक्रार करणार म्हणाली, अन् तिचं काय चुकलं? प्राचार्यांनी माझ्याकडून चूक लेखी घेतली अन् जूनच्या ऑर्डरचं आता काही सांगता येणार नाही, हेही सांगितलं. मी सही केली. रात्री तशीच ट्रॅकसूटवर गावाच्या गाडीत बसले.

साडेदहाला पोचले तर पाव्हणे बसलेले, चहा फिरलेला. प्रज्ञा साडीत, स्वयंपाकघराच्या दारात. वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं मी विसरले. "भाऊ, माझं चुकलं. पोरीचं नाव यादीत पायजे व्हतं," एवढंच म्हटलं. ही वेळ नव्हे, असं भाऊ दात आवळून म्हणाला. पाव्हण्यांपैकी एक म्हातारी कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

प्रज्ञा पुढं आली. "आत्या, मी कमी पडले व्हते का?"

"न्हाई."

"मग काहून काढलं?"

सगळं घर ऐकत होतं. "लोक बोलतील म्हणून," मी म्हटलं. "तू माझी हायेस म्हणून."

ती पदर सारखा करत तिथंच उभी राहिली. उद्या अर्जावर तिची सही लागणार, बाराची गाडी चुकली तर सगळंच गेलं, हे मला दिसत होतं, पण घाई कर म्हणायचं तोंड मला नव्हतं. भावाने पाव्हण्यांकडे बघितलं, मग पोरीकडे, अन् विचारलं, जाते का.

"जाते," ती म्हणाली. "पण आत्याकडं न्हाई राहणार. होस्टेलला राहीन."

ती टीममध्ये आहे, छान खेळते. प्रॅक्टिस संपली की बाकीच्या पोरींसारखी 'थँक्यू मॅडम' म्हणते अन् होस्टेलकडे वळते. भाऊ फोन उचलतो, तिचंच विचारतो. माझी ऑर्डर अजून आलेली नाही. सतरा वर्षं मी पुण्यात खोल्यांमध्ये राहिले. त्यांचं घर झालं ते चारच महिने, प्रज्ञा होती तेवढेच. ते मी माझ्या हाताने मोडलं, अन् संध्याकाळी कुलूप उघडताना मला त्याचा राग येतो, रोज येतो.