आईची संमती कोणी घेतली?

"आडनाव काय तुझं?"

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात त्यानं मला हे मराठीत विचारलं. लेक्चर नुकतंच संपलं होतं. हातात कॉफीचा कागदी कप, तोंडभर हसू.

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा. म्हणजे कोटा." तो आणखी हसला. "इथपर्यंत पोचलात का तुम्ही लोक? छान, छान." आणि माझा खांदा थोपटला.

आमचे प्रोफेसर शेजारीच उभे होते. गोरे, मवाळ, साठीचे. मराठीचं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. "तुम्ही दोघं एकाच भागातले! किती छान," ते म्हणाले. वर्गातली पोरंही कौतुकानं बघत होती. त्यांना वाटलं, परदेशात हिला गाववाला भेटला.

मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मी अमेरिकेत कायदा शिकायला आले. विषय, आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा. एका देशाचा विषारी कचरा दुसऱ्या देशात कसा जातो आणि तो अडवायचा कसा, हे शिकायला. तो माणूस त्या दिवशीचा पाहुणा वक्ता होता. मूळचा पुण्याचा, पंचवीस वर्षं इथे, शॉमबर्ग नावाच्या उपनगरात घर. जुन्या बॅटऱ्या गोळा करून परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट.

लेक्चरमध्ये त्यानं एक फोटो दाखवला. भारतातली शेड, हातोडा घेतलेली बाई. म्हणाला, "हे लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच काम करत आलेत. त्यांच्या शरीराला सवय असते. बंदी घातली तर उपाशी मरतील." चाळीस लॅपटॉपवर हे टाइप झालं. प्रोफेसरांनी मान डोलावली.

सवय.

माझ्या आईनं नऊ वर्षं बॅटऱ्या फोडल्या. तालुक्याबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हातोड्यानं खोकं फोडायचं, ॲसिड नाल्यात ओतायचं, शिशाच्या पट्ट्या भट्टीकडं न्यायच्या. ॲसिडनं भोक पडलं नाही असं तिचं एकही लुगडं नव्हतं. आमच्या वस्तीतल्याच बाया तिथं कामाला. दुसऱ्या वस्तीतली एकही नाही. संध्याकाळी घरी आली की हात धुण्याआधी ती माझ्या धाकट्या बहिणीला उचलायची. पोर दिवसभर वाट बघत असायची ना.

बहीण आता एकोणीस वर्षांची आहे. तिला घड्याळ वाचता येत नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, जन्मजात मंद असेल. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं, हे मी इथल्या लायब्ररीत वाचलं. वाचलं आणि पुस्तक मिटून संडासात जाऊन बसले. बराच वेळ.

लेक्चरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन केला. तिकडं संध्याकाळ. सगळं सांगितलं.

"मग तू काय बोललीस?"

"काहीच नाही. हसले."

मागं बहिणीचा आवाज येत होता.

"मी मुकादमापुढं गप बसायचे," आई म्हणाली. "बोलले असते तर चूल बंद पडली असती. तुझी कुठली चूल बंद पडनारे?"

फोन तिनंच ठेवला.

तीन आठवड्यांनी वर्गात लुटुपुटीची सुनावणी होती. विद्यार्थी वकील होतात, बाहेरचे तिघं न्यायाधीश. त्या तिघांत तो पाहुणा वक्ता होता. आणि मला बाजू दिली होती कचरा पाठवणाऱ्या कंपनीची. मुद्दा, समोरच्या देशाला आधी कळवून त्याची संमती घेतली होती की नाही.

मी उठले. टिपणं टेबलावरच ठेवली.

"ही बाजू मी मांडणार नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "मागच्या वेळी हे पाहुणे माझ्याशी मराठीत बोलले. ते काय बोलले, याचं आज भाषांतर करते."

एकेक वाक्य केलं. आडनाव. कोटा. तुम्ही लोक. मग सांगितलं की फोटोतल्या बाईसारखीच माझी आई आहे. तिला कोणी कळवलं नाही. तिची संमती कोणी मागितली नाही. विष कुणाच्या दारात ओतायचं हे इथे देश बघून ठरतं आणि तिथे जात बघून.

त्याचं तोंड पांढरं पडलं. मराठीतच म्हणाला, "अगं, गंमत केली मी. फारच सेन्सिटिव्ह बुवा तुम्ही लोक."

मी त्याचंही भाषांतर केलं.

कोणी हसलं नाही. प्रोफेसरांनी सुनावणी थांबवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून म्हणाले, "तुझा राग मी समजू शकतो. पण ते आपले पाहुणे होते. माफीचा एक ईमेल पाठव, विषय संपेल."

"नाही."

"तुझ्या करिअरचा विचार कर."

"तोच करतेय, सर."

माझी ग्रेड घसरली. उन्हाळ्यात एका लॉ फर्ममध्ये काम ठरलं होतं, प्रोफेसरांच्याच शब्दावर. ते कॅन्सल झालं. वर्गातली निम्मी पोरं अजून माझ्या शेजारी बसत नाहीत.

बसू नका.

आई आता वस्तीत दारोदार फिरते. शेडमध्ये काम केलेल्या, करणाऱ्या बायांचे जबाब फोनवर रेकॉर्ड करून पाठवते. मी ऐकते, लिहून काढते, इंग्रजीत करते. गर्भ गेलेली बाई "पोट पडलं" म्हणाली, तर पोट पडलं. मऊ शब्द वापरत नाही. आजही तिथं कामाला असलेल्या एकीनं लपून मालाच्या गठ्ठ्यांचे फोटो काढले. लेबलं स्वच्छ वाचता येतात. माल पाठवणाऱ्या तीन कंपन्या. त्यातली एक त्या पाहुण्याची. आणि त्याच कंपनीच्या जाहीर अहवालात, त्याच्या सहीनिशी छापलंय की आमचा माल फक्त सुरक्षित, आधुनिक कारखान्यांतच जातो.

अशा केसेस लढणाऱ्या एका वकीलबाईंनी कागद बघितले. दोनदा वाचले. म्हणाल्या, "उभी राहील केस."

लोक सांगतात, राग सोड, पुढं जा. मला पुढं जायचं नाही. मला त्याची माफीही नको. मला तो साक्षीच्या खुर्चीत हवाय, शपथेवर, समोर फोटो, शेजारी वकील, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणं भाग. सूड म्हणायचं तर म्हणा. सूडच आहे.

तक्रार तयार होतेय. पहिला जबाब आईचा. त्यानं वकील करावा, चांगला करावा. मी घाई करणार नाही. आणि त्याला सोडणार नाही.