जावेच्या मागून एकवीस किलोमीटर

धाकट्या जावेला पळायला मीच नेलं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, आणि चालता चालता मी पळायला लागले. पण बेचाळीस वर्षांची शाळेतली बाई सकाळी रस्त्यानं एकटी पळायला लागली, की कुरुंद्यात ओट्यावरच्या बायकांना विषय मिळतो. "मॅडम, कुत्रं लागलं का मागं?" असं एकीनं खरंच विचारलं. मला सोबत पाहिजे होती. जाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दहावीला गणितात राहिलेली, लग्नापासून आमच्या हळदीच्या रानात राबणारी. मी म्हटलं, "चल माझ्यासंगं. तेवढीच मोकळी हवा."

"मोकळ्या हवेतच असते की मी दिवसभर," ती म्हणाली. पण आली.

पहिले काही दिवस ती माझ्या मागं राहिली. मग एका सकाळी मी तिला शाळेतलं काहीतरी सांगत पळत होते. उत्तर येईना म्हणून मान वर केली, तर ती वसमतच्या रस्त्यावर पार पुढच्या वळणाशी पोचलेली. तिथं उभी राहून माझी वाट बघत होती. साधा दमही लागलेला नव्हता.

आमच्या घरात पुढं असायची ती मी. पगार माझा, बँकेची कामं माझी, पाहुण्यांशी बोलायचं मी, जयंतीला विहारात भाषण करायचं तेही मीच. ती चहा आणायची, कप उचलायची. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या वळणाकडं पळत जाताना पहिल्यांदा मला कोणाच्या तरी मागं असणं कळलं, आणि ते अजिबात सोसलं नाही.

मी चांगले बूट घेतले. तिचे आठवडी बाजारातले, रबरी तळाचे. तरी ती पुढं. मी मधल्या सुट्टीत फोनवर पळण्याचे व्हिडिओ बघायचे, ती भुईमूग निंदायची. तरी ती पुढं. एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि ती दोन दिवस घरी राहिली. ते दोन दिवस मी फार आनंदानं पळाले. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर तिनंच विषय काढला. "ताई, तुमी ते एकवीस किलोमीटरचं म्हणत होता ना? आपुन जाऊ की दोघी. तुमी बघा फोनवर, तुमच्या हिशेबानं ठरवा."

मी बघितलं. त्या मोसमात आम्हाला जमण्यासारख्या दोन शर्यती होत्या. एक नांदेडला, घरापासून जवळ. तिथं पोचायला चार तासांची मुभा होती. दुसरी लातूरला, तीन तासांची. तीन तासांत जे पोचणार नाहीत त्यांना गाडीत बसवून आणणार, असं नियमांत स्वच्छ लिहिलं होतं. मला एका किलोमीटरला दहा मिनिटं लागत. एकवीस गुणिले दहा. माझ्या चौथीच्या वर्गातल्या कोणत्याही लेकरानं सांगितलं असतं की बाई, तुम्ही नांदेडला जा.

पण लातूरच्या शर्यतीच्या दिवशी सेनगावला जावेच्या भावाचा साखरपुडा होता.

मी लातूरला नाव घातलं. एकटीचं. तिला सांगितलं, "अगं, तारीख नेमकी साखरपुड्याची निघाली. मला तर लक्षातच आलं न्हाई." नांदेडचं नावही काढलं नाही.

तिचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाली, "जाऊ द्या. तुमी बघून या, म्हणजे पुढच्या बारीला मला समजंल कसं असतं ते." आणि माहेरी जायच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून डब्यात भरून ठेवले. ती चांगली वागली की मला जास्तच राग यायचा.

लातूरला मी आणि माझा नवरा गेलो. सुटताना एवढी माणसं होती की आपण हळू आहोत हे जाणवलंच नाही. पाचव्या किलोमीटरला गर्दी विरळ झाली. दहाव्याला मागं वळून बघितलं तर सहा-सात जण. मी जोर लावला, तो तीन किलोमीटर पुरला. पंधराव्याला पोटरीत गोळा आला. पाणी देणाऱ्या पोरी टेबलं आवरत होत्या, मला बघून एकीनं परत ग्लास काढला. सतराव्या किलोमीटरला गाडी शेजारी आली. आतला माणूस अदबीनं म्हणाला, "मॅडम, टायम झाला. आता रस्ता उघडायलेत. बसा."

मी बसले. आत एक रिटायर झालेले गृहस्थ गुडघ्यावर फडकं बांधून बसले होते. त्यांनी मला माझा वेग विचारला, मी सांगितला.

"मग ही काहून घेतली?" ते म्हणाले. "तुमच्या-माझ्यासारख्यांनी आधी टायम बघायचा, मग गाव. माझं तर ऐन वेळेला गुडघ्यानं दगा दिला. तुमी नांदेडला जायचं होतं. चार तास देतात."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

घरी आलो तेव्हा दीर आणि जाऊ साखरपुडा उरकून परतले होते. नवऱ्यानं सगळ्यांना सांगून टाकलं की हिला मधूनच गाडीत घातलं. दीर हसला. जाऊ हसली नाही. संध्याकाळी मी पाय गरम पाण्यात सोडून बसले होते, तेव्हा ती मीठ घेऊन आली आणि पाण्यात टाकता टाकता म्हणाली, "किती टायम देतात ते आधी सांगत न्हाईत का?"

"सांगतात."

"मग तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"मग काहून घेतली?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. तिला खरंच काळजी वाटत होती की मला कोणी फसवलं. थाप मारायला सोपं होतं. पण दिवसभराच्या थकव्यानं असेल, मी म्हणाले, "त्या दिवशी तुला येता येणार नव्हतं म्हणून."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग उरलेलं मीठ तिनं तसंच पुडीत बांधलं आणि उठून गेली.

आठ दिवस ती पळायला आली नाही. निदान माझ्याबरोबर तरी नाही. नवव्या दिवशी मी शाळेला निघाले, तर ती रस्त्यानं येताना दिसली. एकटी, ओढणी कमरेला बांधलेली. तसं पळताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं. ती माझ्या शेजारून गेली आणि मला कळलं की हा तिचा खरा वेग आहे.

संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तुमाला वाईट वाटू नये म्हणून मी दम धरून पळायची, ताई. इतके दिवस." थोड्या वेळानं म्हणाली, "दुसरी एखादी शर्यत असंल तर माझं नाव घाला. पण मी तुमच्यासाठी थांबणार न्हाई."

नांदेडची नावनोंदणी अजून बंद झालेली नव्हती. मी दोघींची नावं घातली.

नांदेडला ती सुटली ती दिसेनाशीच झाली. मी माझ्या चालीनं पळत राहिले. कधी चालले, एका पुलाच्या कडेला बसून बूट काढून खडा झाडला. कोणी गाडी घेऊन मागं आलं नाही. तीन तास अडतीस मिनिटांनी मी शेवटच्या कमानीखालून गेले. तिथं पदक अडकवणारी एकच मुलगी राहिली होती. तिनं माझ्या गळ्यात पदक घातलं आणि मला रडू आलं. ते रडू चांगलं होतं, त्याबद्दल शंका नाही.

डोळे पुसून बघितलं तर जाऊ एका झाडाखाली बसून केळं खात होती. दोन तास चौदा मिनिटं. एक अनोळखी माणूस वाकून तिला विचारत होता, "ताई, प्रॅक्टिस कुठं करता? कोच कोण?"

"कोच न्हाई," ती म्हणाली. "शेत हाय."

तो हसला आणि त्यानं तिचा फोटो काढला. माझ्या गळ्यातलं पदक तिच्या पदकासारखंच होतं, तेवढंच जड, तरी मी ते सदऱ्याच्या आत सारलं. तिचं कौतुक वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. वाटलंही, पण परतीच्या वाटेवर, अर्धापूर गेल्यावर. त्या झाडाखाली मात्र नाही.

"आलात?" मला बघून ती म्हणाली, आणि बसायला जागा केली.

आता तिनं लेकीकडून फोनवर नाव घालायला शिकून घेतलंय. नियम स्वतः वाचते, एकेका ओळीवर बोट ठेवून. परवा मी विचारलं, "पुढची कोणती बघायलीस?"

"ठरलं की सांगते," ती म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला.