टाचणीचे गळ आणि तांब्याची घागर

घागरीवरचं फडकं काढलं, तर आतले चौदाच्या चौदा मासे पोट वर करून तरंगत होते.

बारवेच्या काठावर अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यात पुढे शिवलिंगप्पा, गावातले वडीलधारे. त्यांनी वाकून घागरीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "इनिस्पेक्टर, हे असंच मेलेलं घालायचं असतंय की काय?"

मागे बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. तो सोमवार होता आणि गुरुवारी आमचे हेल्थ ऑफिसर, म्हणजे डॉक्टरसाहेब, इन्स्पेक्शनला येणार होते.

मी तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो, तोही टेंपररी. सोलापूरच्या दक्षिणेला अक्कलकोट संस्थानाच्या हद्दीपर्यंतची गावं माझ्याकडे होती. मुख्य काम नारूचं. आजच्या वाचकांना नारू माहीत नसेल, ते त्यांचं भाग्य. दोऱ्यासारखा हातभर लांब जंत पायातून बाहेर येतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला, तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. नारूचा रोगी पायऱ्या उतरून विहिरीच्या पाण्यात पाय बुडवतो, तेव्हा जंत तिथे पिल्लं सोडतो. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा ती पिल्लं खातो, आणि तो किडा आपण पाण्याबरोबर पितो. पायऱ्यांची विहीर ज्या गावाला, नारू त्या गावाला.

उपाय दोन. एक, पायऱ्या बांधून बंद करायच्या आणि पाणी वरून दोरानं काढायचं. दुसरा, विहिरीत छोटे मासे सोडायचे. ते किडे खाऊन टाकतात. साहेबांनी या गावाला मुदत दिली होती. गुरुवारपर्यंत विहिरीत जिवंत मासे दिसले तर विहीर चालू, नाहीतर त्याच दिवशी पायऱ्यांना काटेरी कुंपण आणि सील. मग बांधकाम होईपर्यंत गावानं कोसभर लांबच्या ओढ्यातून पाणी आणायचं. बांधकाम कधी होणार ते ब्रह्मदेवालाच ठाऊक, आणि दिवस वैशाखाचे. मासे मी आणतो, असा शब्द मी गावाला देऊन बसलो होतो.

गाव लिंगायतांचं, कडक शाकाहारी. पिण्याच्या पाण्यात मासे सोडायचे ही कल्पना गळी उतरवायला मला तीन खेपा पडल्या. शेवटी शिवलिंगप्पांनी दोन अटी घातल्या. मासा गांडूळ खायला घालून धरलेला नको आणि आणायचं भांडं स्वच्छ हवं. मी दोन्ही अटींना मान डोलावली. माझा स्वतःचा माशांशी संबंध दशावताराच्या चित्रापुरता. पहिला अवतार मासा, एवढंच माझं ज्ञान.

या कामासाठी खात्यानं मंजूर केले होते दोन रुपये. एकरूखच्या तलावात जाळं टाकायचा हक्क मक्तेदाराचा होता. तो जाळं टाकू देईना. गळानं धरायला कोणाची ना नव्हती. म्हणून मी सोलापुरातल्या दुकानातून सहा गळ, जाड सुतळी आणि एक बांबू घेतला. दुकानदारानं मोठ्यातले मोठे गळ दाखवले. मोठा गळ म्हणजे चांगला गळ, असा माझा सरळ हिशेब. रविवारची सकाळ तलावावर घालवली. कणकेचे लाडवाएवढे गोळे लावून तीन तास बसलो. मासे कणीक कुरतडून खात आणि निघून जात. मी त्यांना जेवण वाढत होतो.

पलीकडे सखूबाई नावाची एक म्हातारी भोईण गळ टाकून बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी उठून आली, माझा गळ हातात घेतला आणि म्हणाली, "सायेब, ह्यो सुसरीला हाय व्हय?"

मला कुठले मासे हवेत आणि का, ते मी सांगितलं आणि कसे धरू ते विचारलं. जिवंत हवेत म्हटल्यावर ती हसायची थांबली. तिच्या बहिणीचा पाय नारूनं गेला होता, असं तिनं सांगितलं. मग तिनं मला शिकवायला घेतलं. माझं विकतचं सामान तिनं बाजूला ठेवायला लावलं.

आम्हाला हवा होता तो बोटाएवढा चंदेरी मासा, भोई त्याला खवली म्हणतात. त्याचं तोंड हरभऱ्याहून लहान. माझ्या खिशात ऑफिसचे कागद होते आणि कागदांना टाचण्या. सखूबाईनं एक टाचणी विडी पेटवायच्या काडीवर तापवली, वाकवली आणि झाला गळ. विकतच्या गळाला आत उलटा काटा असतो. त्यानं मासा सुटत नाही, पण त्याचं तोंड फाटतं. टाचणीला काटा नाही, म्हणून दोरी जरा ढिली सोडली की मासा अलगद सुटतो, जखम होत नाही. खायचा मासा आणि सोडायचा मासा यांचा गळ एक नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सुतळी पाण्यात दिसते, म्हणून तिच्याऐवजी रेशमाचा धागा. तो तिला शेजारच्या विणकराकडून मागाची तुटकी टोकं म्हणून फुकट मिळायचा. पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या ताटाच्या गराचा तुकडा. तो बुडाला की मासा लागला समजायचं. राहिलं आमिष. गांडूळ नको हे सांगताना मी बिचकतच होतो, पण ती म्हणाली, "बरं झालं की. गांडुळाला मोठं मासं येत्यात. खवलीला भाकरीच लई आवडती."

शिळी भाकरी कुस्करून मळायची, त्यात कापसाची चिमूट घालायची म्हणजे पाण्यात विरघळत नाही, आणि गोळी ज्वारीच्या दाण्याएवढीच. शिवलिंगप्पांची अट मी धर्माची समजत होतो, ती धंद्यातही बरोबर निघाली. सोमवारी सकाळी दोन तासांत चौदा मासे मिळाले. माझ्या हातानं पाच धरले, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मासे तिनं तलावाच्या कडेला पाण्याच्या खळग्यात जमवले आणि ती आपली पाटी घेऊन बाजाराला गेली.

पुढचं डोकं माझं एकट्याचं. स्वच्छ भांडं म्हणजे तांब्याचं, यात मला शंकाच नव्हती. घरून घागर आणली होती. माझ्या बायकोनं ती चिंचेनं घासून आरशासारखी लख्ख केली होती. तीत मासे घातले, वर फडकं बांधलं, अक्कलकोट रस्त्याच्या सर्व्हिस मोटारीत घागर मांडीवर घेऊन बसलो आणि गावात जाऊन सगळ्यांसमोर फडकं काढलं.

मंगळवारी पहाटे मी पुन्हा तलावावर. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मोटारीचे धक्के बसले असतील, ऊन लागलं असेल, असं मी सखूबाईला सांगत होतो. ती म्हणाली, भांडं दाखवा. घागर बघून तिनं कपाळाला हात लावला.

"तांब्यात मासा जगत न्हाय. त्यात चिंचेनं घासलीया. हे पाणी त्यास्नी इख झालं. मडकं न्हवतं व्हय घरात?"

मडकं होतं. पण तांब्याचं पाणी पिऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जगलो, मासा का जगू नये, असं मला वाटलं होतं. शिवाय मडकं त्या गावाला चालणार नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आता दुसरा मार्गच नव्हता. मी आधी गावात गेलो आणि भीत भीत शिवलिंगप्पांना विचारलं.

"कोरं मडकं चालतंय की," ते म्हणाले. "मी तांब्याचं कुटं म्हटलो होतो?"

खरंच म्हटले नव्हते. मी खजील होऊन कुंभाराकडे गेलो, कोरं मडकं घेतलं आणि ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवलं. बुधवारी आम्ही एकोणीस खवल्या धरल्या. वाटेत दोनदा वरून पाणी ओतलं, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. संध्याकाळी बारवेत मडकं तिरकं केलं, तर एकोणीसच्या एकोणीस सळसळत खाली गेल्या. मी पायरीवर मटकन बसलो.

गुरुवारी साहेब आले. सोबत शिपाई, शिपायाच्या हातात तारेची गुंडाळी आणि सील करायची लाख. साहेब शेवटच्या पायरीवर उभे राहिले. पाणी हिरवं, गप्प. एक मासा दिसेना.

"वेल? कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"खाली आहेत, सर."

"खाली मला दिसत नाही. रिपोर्टात काय लिहू? इन्स्पेक्टर म्हणतो, आहेत?"

शिपायानं गुंडाळी सोडायला घेतली. वर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यातली एकही हसत नव्हती. माझा हात नकळत कोटाच्या खिशात गेला. तिथे कालच्या आमिषाचा सुकलेला गोळा होता. तो चुरून मी पाण्यावर टाकला. क्षणभर काही नाही. मग पाणी खालून थरथरलं आणि चंदेरी पाठी एकदम वर आल्या. साहेबांनी बोट नाचवत मोजायला सुरुवात केली, दहापर्यंत गेले आणि सोडून दिलं.

"लाख परत ठेव," ते शिपायाला म्हणाले.

माझ्या छातीवरचं जातं कोणीतरी उचलल्यासारखं झालं. वरून पहिली घागर खाली आली. शिवलिंगप्पांनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. मी पुन्हा त्याच पायरीवर बसलो, या खेपेला सुखानं.

महिन्यानं गेलो तर नवीनच भानगड. गाव पुण्य म्हणून माशांना रोज भाकरी चारत होतं, आणि पोट भरलेला मासा किडे कशाला खातोय? मला बारवेवर बोर्ड लावावा लागला, माशांना खाऊ घालू नये. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावच्या यादीत नारूचा एकही नवा रोगी मला लिहावा लागला नाही.

सखूबाईला विचारलं तेव्हा गळ मिळाला, शिवलिंगप्पांना विचारलं तेव्हा मडकं. विचारायला पैसा पडत नाही. दोन रुपयांच्या मंजुरीत आरामात बसणारी ती एकच गोष्ट होती, आणि ती मी सगळ्यात शेवटी केली.