धोतराच्या सहा चड्ड्या

लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत एक पाळणाघर आहे. केवळाबाई तिथे अकरा वर्षांपासून कामाला आहेत. बाकीच्या बायका लेकरांना भरवतात, झोपवतात, गाणी म्हणतात. केवळाबाईंचं काम वेगळं. लेकराचं डायपर सोडवायचं आणि त्याला भांड्यावर बसायला शिकवायचं. मूळच्या त्या अहमदपूरकडच्या. नवरा गेल्यावर शिलाई मशीन डोक्यावर घेऊन एसटीनं लातूरला आल्या. दोन मुली होत्या, एक भोकरला दिली, एक मुदखेडला. आजवर किती लेकरं कोरडी केली असं विचारलं तर त्या म्हणतात, "चारशे धरा. दोन-चार इकडं तिकडं."

त्यांचे कपड्यांचे नियम पक्के. जीन नको, डांगरी नको, बटण नको, नाडी तर मुळीच नको. घट्ट लेगिंग ओली झाली की कातडीसारखी चिकटते, तीही नको. सुती चड्डी हवी, एक माप मोठी, आणि लेकराच्या दोन बोटांनी खाली येईल अशी. "लेकराला लागल्यावर त्याच्यापाशी किती येळ असतो?" त्या आयांना विचारतात. "धापर्यंत मोजा. तेवढ्यात तुमचं बटन निघतं का?"

एका आईनं कॅमेऱ्यात लेकरू छान दिसावं म्हणून त्याला शेरवानी घालून पाठवलं होतं. केवळाबाईंनी त्याला दारातच उभं केलं. "ताई, नवरदेव पाठवलाव, मग करवली बी पाठवा. चड्डी कोन सोडील ह्याची?"

हे कॅमेरे मी बसवले आहेत. आई-बाप ऑफिसात बसून मोबाइलवर लेकरं बघतात. मी या गोष्टीत आलो तो कॅमेऱ्याच्या तक्रारीमुळे.

एप्रिलअखेरच्या एका बुधवारी संध्याकाळी अंबिकाताईंचा फोन आला. त्या विमा कंपनीत नोकरीला. त्यांची शिवांगी, दोन वर्षं चार महिन्यांची, पाळणाघरात असते. एक जूनपासून ताईंची बदली नांदेडला झाली होती, आणि तिथली नर्सरी डायपरमधलं लेकरू घेत नव्हती. त्यामुळे शिवांगी महिन्याभरात कोरडी राहायला शिकणं ताईंना फार गरजेचं होतं. तक्रार मात्र साधी होती. "दादा, दुपारी चित्र अडकलं होतं. चाळीस मिनिटं. शिवांगी एकाच जागी दिसत होती, हलतच नव्हती."

गुरुवारी सकाळी मी गेलो. पाळणाघराच्या मालकीण शिवकन्या मॅडम यांच्या टेबलाशी बसून मी कालचं रेकॉर्डिंग काढलं. दुपारचे दोन. खोलीत लेकरं झोपलेली. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, शिवांगी उभी. अंगात पांढरी चड्डी आणि बनियन. दोन्ही हात कमरेवर, इलॅस्टिक धरून. मान ताठ.

चित्र अडकलेलं नव्हतं. तिच्या मागे कूलरच्या वाऱ्यानं पडदा हलत होता. खालची वेळ सेकंदासेकंदानं पुढे जात होती. एक लेकरू कुशीवर वळलं. शिवांगी तेवढी हलत नव्हती. दोन वर्षांचं लेकरू चाळीस मिनिटं असं उभं राहत नाही, झोपेतही ते यापेक्षा जास्त हलतं. मी तीनदा पुढे-मागे करून बघितलं. 

"चांगलं आहे की," शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "शहाणी झालीय. कालपासून एकदाही चड्डी ओली नाही." भिंतीवरच्या तक्त्यावर शिवांगीच्या नावापुढे चांदण्यांची ओळ लागली होती.

केवळाबाई फडकं घेऊन दाराशी आल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

"मॅडम, भांडंबी कोरडंच हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कालपासून ही भांड्यावर बसली न्हाई. मला वाटलं घरी करून येती."

त्यांनी माझ्याच फोनवरून अंबिकाताईंना फोन लावायला सांगितला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, घरी किती येळा जाते शिवांगी?"

"घरी कुठं जाते मावशी? तुमच्याकडंच जाऊन येते ना. रात्रभर कोरडी! ती चड्डीसुद्धा काढू देईना. अंघोळ नको म्हणाली, तशीच आणली सकाळी. मी म्हटलं, लागलीय सवय तर राहू दे."

"हितंबी गेली न्हाई, ताई," केवळाबाई म्हणाल्या. मग पलीकडून "मावशी?" असं आलं, आणि त्या "निघाले" म्हणाल्या. त्यांचं ऑफिस गांधी चौकात, उन्हाची वेळ, यायला अर्धा तास लागणार होता. मॅडमनी लेकरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आई पोचली की लगेच घेऊन या, असं सांगितलं.

केवळाबाई शिवांगीपाशी गेल्या. ती कालच्याच कोपऱ्यात, कालच्यासारखीच उभी होती. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "दगड झालाय," त्या म्हणाल्या. चड्डी खाली करायला गेल्या तर शिवांगीनं इलॅस्टिक असं गच्च धरलं की बोटं पांढरी पडली. ती रडली नाही. केवळाबाईंकडे बघून शांतपणे म्हणाली, "कोरडं हाय."

ती बाकी सगळं लेकरासारखं बोबडं बोलायची. हे दोन शब्द मात्र स्वच्छ होते.

आता या चड्डीविषयी सांगायला हवं. आमच्याकडे लेकराला नवं कोरं कापड लावण्याआधी म्हाताऱ्या माणसाचं जुनं कापड लावतात. धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं, आणि त्या माणसाचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. माणूस गेलेलं असलं तरी चालतं, पण तृप्त गेलेलं हवं. म्हणून कापड घेताना विचारायचं असतं, कसे गेले? केवळाबाई हे विचारल्याशिवाय कुणाचं कापड घेत नसत. मार्चमध्ये मात्र त्यांनी विचारलं नाही. गल्लीतले गुरुलिंगअप्पा गेले होते. एक्याऐंशी वर्षांचे, कपाळावर विभूती, रोज दाराशी शुभ्र धोतरात बसलेले. त्यांच्या बायकोनं, शांतम्मांनी, धोतरं देऊ केली तेव्हा केवळाबाईंना विचारण्यासारखं काही वाटलं नाही. पिकलं पान गळालं. त्यांनी एका धोतराच्या सहा चड्ड्या शिवल्या आणि जादा कपड्यांच्या पेटीत ठेवल्या.

सोमवारी त्यातली एक संगमेश नावाच्या लेकराला घातली होती. तो दिवसभर कोरडा राहिला आणि भिंतीपाशी उभा राहिला. संध्याकाळी त्याच्या आईनं घरी जबरदस्तीनं चड्डी काढली तर फरशीवर पाणीच पाणी. "आमच्याकडं नळ येतो त्याच्यापेक्षा जास्त," असं ती दुसऱ्या दिवशी हसत सांगत होती. सगळे हसले होते. केवळाबाईही. बुधवारी त्यातलीच दुसरी शिवांगीला घातली.

आता त्या चपला न घालता तशाच गल्लीत धावल्या. अप्पांचं घर तिसरं. मला त्यांनी "चल रे भाऊ, येळ आली तर उचलून आनायला लागंल म्हातारीला" असं म्हणून सोबत ओढलं.

शांतम्मा पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. गुडघे गेलेले, उठता येत नाही. त्या मूळच्या उदगीरच्या, बोलण्यात कानडी शब्द येतात.

"अक्का, अप्पा कसे गेले?" केवळाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"दोन महिन्यांनी इचारून राहिलीस व्हय," शांतम्मा म्हणाल्या. मग केवळाबाईंचे अनवाणी पाय बघून शेंगांचं सूप बाजूला सारलं.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. शेवटच्या वर्षात अप्पांना लघवी धरवेना. मुलगा रविकिरण पुण्याहून मोठ्या माणसांचे डायपर घेऊन आला. अप्पांनी ते पाकीट उघडूही दिलं नाही. सुनेच्या हातून धोतर सोडून घ्यायचं म्हणजे मरण. फक्त शांतम्मांपुढे ते जायचे, तेही शांतम्मांनी डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडे तोंड केलं तर. "मी म्हनायची, कूड्री. म्हंजे बसा. मी बघत न्हाई. मग व्हायचं."

"मग?"

"मग माझ्या भावाच्या नातीचं लगीन निघालं उदगीरला. दोन दिवस गेले मी. सून फोनवर म्हनली, अत्या, निवांत या, मामंजी बरे हाईत, एकदाबी वलं केलं न्हाई. खूश होती बिचारी. हे खुर्चीत बसून सांगायचे, कोरडं हाय, कोरडं हाय." शांतम्मांनी दोन्ही हात कमरेशी नेले, धोतराची गाठ धरावी तसे. "असं धरून. मी येईपर्यंत तसंच. दवाखान्यात डाक्टर म्हनला, आधी का न्हाई आनलं."

मला कॅमेऱ्यातलं लेकरू दिसत होतं. हात तस्सेच.

 शांतम्मांनी विचारलं, "कोनाच्या अंगावर हाय?" आणि मग, खालच्या आवाजात, "कसे हाईत?"

"अक्का, तुमी येता का?"

"पाय कुठं हाईत मला? तू जा. तू सांग त्यास्नी."

आम्ही परत आलो तेव्हा शिवांगीच्या ओठांवर घाम होता. मॅडम तिला खेळणं दाखवत होत्या, ती त्यांच्या पलीकडे कुठेतरी दाराकडे बघत होती. केवळाबाईंनी तिला उचललं नाही. एरवी त्या लेकराला काखेत मारून नेतात. त्या दोन पावलं बाजूला झाल्या, हातानं वाट दाखवली आणि म्हणाल्या, "चला."

शिवांगी चालत गेली. सावकाश, पाय फरशीवर जपून टाकत, एका हातानं भिंत धरत.

न्हाणीघरात कॅमेरा नाही. मी आणि मॅडम बाहेर उभे होतो. दार अर्धं उघडं होतं. केवळाबाईंची पाठ दिसत होती. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, कपाळाच्या खालपर्यंत, आणि भिंतीकडे तोंड केलं. छप्पन्न वर्षांची बाई दोन वर्षांच्या लेकराकडे पाठ करून शांतम्मांसारखी उभी राहिली.

"अप्पा, कूड्री," त्या म्हणाल्या. "बसा. मी बघत न्हाई. सूनबाई न्हाईत हितं. कोनी न्हाई."

काहीच झालं नाही. बाहेर कूलर गरगरत होता. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, केवळाबाईंना काय झालंय अशा नजरेनं. त्या पुढे व्हायला निघाल्या तेव्हा मी हात आडवा केला. का केला ते मला आजही सांगता येत नाही.

"अप्पा," केवळाबाई म्हणाल्या, "अक्का आल्यात उदगीरहून."

आतून आवाज आला. शिवांगीचाच, बारीक.

"कधी आली?"

मॅडमनी माझं मनगट धरलं. केवळाबाई वळल्या नाहीत. पण त्यांचा हात भिंतीवर टेकला, आधाराला टेकतो तसा.

"आत्ताच. सकाळच्या गाडीनं. बसा आता. लई वाट बघितली तुमी."

कपडा सरकल्याचा आवाज झाला, मग भांड्यात पाणी पडायला लागलं. इतक्याशा लेकराच्या मानानं ते फार वेळ चाललं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. संपल्यावर एक मोठा उसासा आला, आणि त्यानंतर लगेच शिवांगी भोकाड पसरून रडायला लागली, साधं, नाक वाहतं, लेकराचं रडणं. केवळाबाई वळल्या आणि त्यांनी तिला छातीशी घेतलं. "आली गं माय, आली तुजी आई," असं म्हणत त्या तिला हलवत राहिल्या.

अंबिकाताई पोचल्या तेव्हा ती लाल फुलांची जुनी चड्डी घालून बिस्कीट खात होती. डॉक्टरांनी तपासलं. काही नाही म्हणाले, पाणी भरपूर द्या, लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी शिवांगीनं तीन चटया ओल्या केल्या. अंबिकाताईंचा चेहरा उतरला, नांदेडची तारीख जवळ येत होती. "मावशी, मग ती पांढरीच..." त्या म्हणायला लागल्या, आणि केवळाबाईंकडे बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं. पुढे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिवांगी शिकली. तिची ती, लाल चड्डीत, ओरडत पळत येऊन.

सहाही चड्ड्या केवळाबाईंनी त्याच गुरुवारी पेटीतून काढल्या. रविवारी त्यांच्या शिवणी उसवल्या, तुकडे धुऊन घडी घातली आणि शांतम्मांना नेऊन दिली. मी बरोबर होतो. मला ते संपताना बघायचं होतं.

शांतम्मांनी घडी मांडीवर घेतली. हात फिरवला.

"झाले मोकळे?"

"हाव, अक्का."

"काय म्हनले?"

 "कधी आली, म्हनले."

"मग तू?"

"आत्ताच, म्हनलं. सकाळच्या गाडीनं."

 कडेचा एक उसवलेला दोरा शांतम्मांनी बोटाला गुंडाळला.

"होती गं, सकाळची गाडी होती तवाबी," त्या म्हणाल्या. "मीच म्हनलं, पंगत उरकू दे, मग निघू."