दोन बायकांचा इन्कम टॅक्स

मस्कतला बांधकामावर यांच्या पायावर लोखंडी तुळई पडली. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, पाऊल कापावं लागेल. हे हटून बसले, बायको आल्याशिवाय हात लावू देणार नाही. यांच्या मित्राने ट्रंक कॉल केला तेव्हा शेजाऱ्यांच्या फोनवर मला हे सगळं कळलं.

व्हिसा आला. तिकिटाचीही सोय झाली. एजंट म्हणाला, "इन्कम टॅक्स भरल्याचा क्लिअरन्स आणा ना बाई, त्याशिवाय विमानात कोण बसू देणार?"

मी घाटकोपरच्या शाळेत शिक्षिका. कर पगारातूनच कापला जायचा, म्हणून वाटलं, जाऊ, दाखला घेऊ आणि येऊ. पण शाळेत मी माहेरच्या नावाने होते, कारण डीएडचं सर्टिफिकेट त्या नावाचं. पासपोर्ट सासरच्या नावाचा. आमच्यात लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. सरकारला कळवायचं कुणाला सुचतं?

इन्कम टॅक्स ऑफिसातल्या साहेबाने शाळेचा कागद आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "टॅक्स भरलाय हिने. परदेशी निघालीय ही. मग हिचा टॅक्स कुठाय?"

"साहेब, दोन्ही मीच."

"नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. एक काय आहे ते सांगा ना बाई."

लग्नपत्रिका नेली, तर तिच्यावर माहेरचंच नाव. सासूबाई घरात मालवणीत भडकल्या, "मियांच ठेवलंय नाव, सांग त्येंका!" साहेब म्हणाला, प्रतिज्ञापत्र आणा.

रोज त्या ऑफिसातल्या बाकावर बसून माझं डोकं फिरायचं. लंडनची नणंद लिहायची की, तिकडेही पगारातूनच कापतात, पण हेलपाटे मारायला लावत नाहीत. अमेरिकेतला मावसभाऊ फॉर्म भरताना म्हणे शिव्या घालतो, पण घरच्या टेबलापाशी बसून, आणि पोस्टात टाकून मोकळा होतो. आणि जिथे पगारावर कर नावाची भानगडच नाही, त्या मस्कतला पोचायला मला इथे टॅक्सचा दाखला हवा होता! रडू यायचं आणि संतापही यायचा.

प्रतिज्ञापत्र नेलं. साहेब म्हणाला, माझ्यासमोर त्यावर दोन्ही नावांनी सह्या करा. घाईत मी माहेरचं नाव लिहिलं आणि पुढे सासरचं आडनाव.

"आता ही तिसरी कोण?"

शिपाई फिस्सकन हसला. माझा तोल गेला. "तिकडे माझ्या नवऱ्याचा पाय सडतोय आणि तुम्ही बायका मोजत बसलाय!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. साहेब खाली मान घालून म्हणाला, "हा कागद बाद झाला. नवा स्टॅम्प पेपर आणा." तेव्हा मात्र मी त्याच्या टेबलावर डोकं टेकून रडले.

शेवटी दाखला मिळाला. मी मस्कतला पोचले.

यांच्या अंगावर चादर होती. उजव्या बाजूला ती मांडीच्या खाली सपाट होती.

"पाऊल म्हणाले होते ना?" मी विचारलं.

"पाऊलच होतं. तुझी वाट बघत राहिलो, तोवर विष वर चढलं. शुद्ध गेल्यावर कापला त्यांनी. कुठे अडकलीस गं एवढे दिवस?"

"नावात," मी म्हटलं.