सोनाबाईचा राखणदार

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सोनाबाई बोंबील वाळवते. वार्ता आणि वावडी यांतला भेद आजकाल कोणी पाळत असता, तर तिची याहून अधिक ओळख करून देण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

तिचा नवरा धर्मा हयात होता तोवर तिच्या बोंबलांकडे कावळा फिरकत नसे. त्याचा नेम आणि त्याच्या शिव्या, दोन्ही अचूक. चार वर्षांपूर्वी तो गेला. कावळ्यांनी आठवडाभर खात्री करून घेतली आणि मगच ते बोंबील वाळवायच्या मांडवावर उतरले. बातमीची खातरजमा करणारे या किनाऱ्यावरचे ते शेवटचे प्राणी असावेत. तेव्हा सोनाबाईने धर्माच्या चौकडीच्या सदऱ्यात पेंढा भरला, वर काळे मडके बसवले आणि तो पुतळा बांबूला टांगला. कावळे पुन्हा दूर झाले. रोज सकाळी ती पुतळ्याला चार शब्द सुनावते. धर्मालाही सुनावत असे.

गेल्या जानेवारीत ‘धडक किनारा’ या मोबाईलवरच्या वाहिनीचा वार्ताहर दिपेश अलिबागहून रिक्षाने आला. कोणाला एक प्रश्न विचारण्याचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. संध्याकाळी घरोघरच्या फोनवर पुतळा झुलू लागला. मागे ढोल, वर लाल अक्षरे: ‘किनाऱ्यावर करणी? कोणाचा जाणार बळी?’ आणि खाली पुटपुटणारी सोनाबाई.

एरवी ती हसली असती. पण तिच्या मुलीचे, नेत्राचे, लग्न उरणच्या रावजीशेटांच्या मुलाशी ठरले होते, आणि साखरपुडा नऊ दिवसांवर आला होता. रावजीशेट जातीचे कोळीच, पण त्यांच्या वडिलांनी होडी विकून ट्रक घेतलेला. बोंबील त्यांना फक्त ताटात भेटे. त्यांचा निरोप आला: रविवारी येतो, सोयरीक राखायची की मोडायची ते समक्ष बोलू. नेत्रा जेवेना.

गावाचे तक्रार-अर्ज मी लिहितो, म्हणून सोनाबाई माझ्याकडे आली. पत्रकाराच्या कर्तव्यांची सविस्तर जाणीव करून देणारे तीन पानी पत्र मी वाहिनीला धाडले. दिपेशने फोनवर अत्यंत नम्रपणे कळवले की पत्र सुंदर आहे, पण खुलाशाला प्रेक्षक मिळत नाहीत.

रविवारी पोयनाडला माल उतरवून रावजीशेट ट्रकनेच आले. ओटीवर बसून, पाण्याच्या तांब्याला हात न लावता त्यांनी घराण्याची अब्रू आणि उरणमधली कुजबुज विस्ताराने मांडली. मी माझ्या पत्राची प्रत वाचायला घेतली. सोनाबाईने आम्हा दोघांनाही तसेच बसवून ठेवले आणि ती ट्रकापुढे जाऊन उभी राहिली. तिथे लिंबू-मिरचीखाली काळ्या कापडाची बाहुली लोंबत होती.

“ही कोनावर करणी हाय, शेट?”

“ती गाडीला नजर लागू नये म्हणून,” रावजीशेट पुटपुटले.

“मग माझ्या बोंबलांना न्हाय लागत? त्यांना तर चोच बी लागते.”

 रावजीशेटांनी तांब्या उचलला. सोयरीक कायम, विनंती एकच, साखरपुडा होईपर्यंत पुतळा उतरवा, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सोनाबाईने मान डोलावली. आत नेत्राने भात वाढून घेतला.

पुतळा उतरला. तोच ‘वादग्रस्त सोयरिकी’चे चित्रण करायला दिपेश हजर. मुलाखत द्यायला सोनाबाई तयार होती, पण अट घालून.

“माझा मानूस तुझ्यापायी उतरवलाय. आता तू राख.”

आमची जेवणे होईतो तो चौकडीचा सदरा घालून, माईक उंचावून मांडवाखाली उभा राहिला. कावळ्यांनी त्याला सर्व बाजूंनी नीट तपासले आणि निर्धास्तपणे बोंबलांवर उतरले.

हात धुता धुता रावजीशेटांनी ते पाहिले.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “आमच्या व्याह्यांना परत वर चढवा.”

साखरपुडा त्या पुतळ्यादेखत झाला. वाहिनीच्या खुलाशाची मी अद्याप वाट पाहतो आहे.